गुरुजींचे 43 लाख: निवृत्तीच्या वेळी सल्लागार निवडताना

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. गावात कुणाची पेन्शन अडली, वारसाची नोंद राहिली, की लोक कागद घेऊन येतात. त्यातलंच हे एक प्रकरण, संबंधितांच्या संमतीने लिहिलेलं. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. क्रम मात्र जसा घडला तसाच आहे.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक 31 मे 2025 रोजी निवृत्त झाले. जन्मतारीख 1 जून. त्या पिढीत निम्मा महाराष्ट्र 1 जूनलाच जन्मला आहे, कारण शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर तीच टाकायचे. गुरुजींच्या आईच्या हिशेबाने ते तेव्हा साठीचे होते, कागदावर 58 चे. हे गमतीसाठी सांगत नाही, पुढे या दोन वर्षांनी घोळ घातला आहे.

शेवटचं मूळ वेतन 78,800 रुपये, म्हणजे पेन्शन 39,400. त्यातला 40 टक्के भाग, 15,760 रुपये, त्यांनी विकला होता, म्हणजे दरमहाचा तेवढा भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेतले होते. हाती येणारी रक्कम अशी: भविष्य निर्वाह निधी 14 लाख 20 हजार, ग्रॅच्युइटी 13 लाख, पेन्शन विक्रीचे 15 लाख 80 हजार. एकूण 43 लाख. महागाई भत्ता धरून दरमहा पेन्शन 44 हजारांच्या आसपास. घर स्वतःचं, कर्ज नाही, महिन्याचा खर्च 30 हजारांच्या आत. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. शिवाय गावातल्या पतसंस्थेत 10 टक्क्यांनी ठेवलेले पाच लाख.

आयुष्यभर पगार एक तारखेला आला नाही तर दहाला येईल, एवढीच काय ती गुरुजींची आर्थिक चिंता. एवढी रक्कम त्यांनी एकत्र कधी पाहिली नव्हती.

अडचण कुठे झाली

निर्वाह निधीचे पैसे 2 जुलैला जमा झाले. 10 जुलैला गुरुपौर्णिमा होती. त्या दिवशी एक जुना विद्यार्थी शाल, श्रीफळ आणि पेढे घेऊन घरी आला. चौथीत गुरुजींनी त्याला शिष्यवृत्तीला बसवलं होतं. आता तो विमा प्रतिनिधी आहे, तालुक्यात नाव कमावलेला.

पाया पडून झाल्यावर विषय निघाला. "गुरुजी, 43 लाख खात्यावर आले की आयकरवाले तीस टक्के घेणार. आत्ताच सोय करून ठेवू." सोय म्हणजे पाच लाखांची पॉलिसी. पुढे आयुष्यभर उत्पन्न, आणि तेही करमुक्त. गुरुजींनी चौदा ठिकाणी सह्या केल्या आणि 5 लाख 22 हजार 500 रुपयांचा धनादेश दिला. वरचे साडेबावीस हजार कसले, हे विचारायला त्यांना संकोच वाटला. तो जीएसटी होता. दोन दिवसांनी कंपनीतून खातरजमेचा फोन येणार होता, त्याला "सगळ्याला हो म्हणा" असं विद्यार्थ्याने आधीच सांगून ठेवलं होतं. गुरुजी हो म्हणाले.

पॉलिसी 26 जुलैला मुलाच्या ईमेलवर आली. मुलाने ती उघडली नाही.

15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात जिलेबी खाताना गुरुजी मला सहज म्हणाले, "पाच लाखांचं तर मार्गी लागलं. आता बाकीचं बघायचं." मी कागद पाहायला मागितले. मुलाने मोबाइलवर पाठवले आणि आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसून वाचले. पाच लाख एकदाच भरायचे नव्हते. दरवर्षी भरायचे होते, दहा वर्षं. एकूण 50 लाख. ज्या माणसाची आयुष्याची पुंजी 43 लाख, त्याच्या गळ्यात 50 लाखांची बांधिलकी. उत्पन्न सुरू व्हायचं ते बाराव्या वर्षापासून, म्हणजे गुरुजी सत्तरीला टेकल्यावर. प्रस्तावात व्यवसाय 'शेती व इतर' आणि वार्षिक उत्पन्न 14 लाख लिहिलं होतं. अक्षर गुरुजींचं नव्हतं, सही त्यांचीच.

आणि ती तीस टक्क्यांची भीती? साफ खोटी. राज्य शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम पूर्ण करमुक्त असते, आणि त्यांचा निर्वाह निधीही. 43 लाखांवर एक रुपया कर नव्हता. खासगी नोकरीत ग्रॅच्युइटीला 20 लाखांची मर्यादा असते. पण गुरुजींना तीही लागू नव्हती.

विद्यार्थ्याबद्दल एक सांगायला हवं. तो बदमाश नाही. त्याला वरून जसं शिकवलं तसं त्याने सांगितलं, आणि कराचा भाग त्याला स्वतःलाही नीट कळत नसावा. मी शाखेत असताना मार्च महिन्यात टार्गेटसाठी ठेवीदारांना असल्याच पॉलिसी पुढे केल्या आहेत. समोरच्या आजोबांनी "तुम्ही सांगता म्हणजे चांगलंच असेल" म्हटल्यावर जे वाटायचं, ते अजून आठवतं. म्हणून त्या मुलाला शिव्या द्यायला माझी जीभ उचलत नाही.

समोर असलेले पर्याय

घाई दोन गोष्टींची होती. विमा नियमांनुसार पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. त्यातले वीस संपले होते. दुसरी घाई गुरुजींना माहीतच नव्हती. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साधारणपणे 60 नंतर खातं उघडता येतं. 55 ते 60 वयात निवृत्त झालेल्यांना मुभा आहे, पण निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि तेवढ्याच रकमेपर्यंत. निर्वाह निधीचे पैसे 2 जुलैचे, म्हणजे 2 ऑक्टोबरच्या आत हालचाल हवी. योजनेचं व्याज 8.2 टक्के, पाच वर्षं बदलत नाही, मर्यादा 30 लाख. ती तारीख चुकली असती तर त्या पैशांसाठी दार साठीपर्यंत बंद, आणि तेव्हा दर काय असेल कुणी सांगावं.

सल्ला द्यायला माणसांची वानवा नव्हती.

विद्यार्थी होताच. पतसंस्थेचे सचिव होते, शेजारचेच. त्यांचं म्हणणं, "सगळे इथे ठेवा, दहा टक्के देतो, पोस्टात काय मिळतंय?" सचिव सज्जन आहेत. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. दोन टक्के जादा कशाचे मिळतात, हे एवढ्या एका वाक्यात आलं.

सहकारी शिक्षकाचा मुलगा म्युच्युअल फंडांचा वितरक होता. त्याच्याकडे एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक होता, परीक्षा देऊन मिळवलेला. बोलणं नीट, घाई नाही. तो रेग्युलर प्लॅन देतो, त्यात त्याचं कमिशन फंडाच्या खर्चातून दरवर्षी जातं. हे त्याने विचारल्यावर लपवलं नाही. फक्त त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्युच्युअल फंडच होतं.

मग 'रिटर्नवाला'. तालुक्याच्या गावी बसतो, तीन-चारशे शिक्षकांची आयकर विवरणपत्रं भरतो, फी नाही. परतावा आला की त्यातला हिस्सा घेतो. गुरुजींना तो फार आवडायचा. "दरवर्षी पैसे परत आणून देतो हो!" परतावा का येतो हे चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने कधी विचारलं नव्हतं.

मी दोन नावं वाढवली. साताऱ्यातला एक सनदी लेखापाल, आणि पुण्यातली एक गुंतवणूक सल्लागार, सेबीकडे म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे नोंदणी असलेली. तिचा क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो, तो आम्ही सेबीच्या संकेतस्थळावर नावासकट पडताळला. अशा सल्लागाराला एकाच कुटुंबाकडून फी आणि विक्रीचं कमिशन दोन्ही घेता येत नाही, आणि ठरावीक फी घ्यायची तर कुटुंबामागे वर्षाला 1 लाख 51 हजारांची कमाल मर्यादा आहे. तिने एका वेळच्या आराखड्याचे 18 हजार सांगितले.

"अठरा हजार? नुसतं सांगायचे?" गुरुजी उडालेच.

इथे मी युक्तिवाद केला नाही. एक कोरा ताव काढला आणि म्हटलं, सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका द्या. चार प्रश्न. मी काय घ्यायचं? त्यात तुम्हाला काय मिळतं? दोन वर्षांनी मला पैसे लागले तर किती हातात येतील? आणि मी गेलो तर हिला काय? उत्तरं तोंडी नकोत, ज्याने त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही करायची. उत्तरपत्रिका तपासण्यात गुरुजींची हयात गेली. हे त्यांना पटलं.

विद्यार्थ्याने दुसरा आणि तिसरा प्रश्न कोरा सोडला. सचिवांनी "विश्वासावर चालतं, लिहायचं काय त्यात" म्हणून ताव परत दिला. रिटर्नवाल्याचा फोन लागेना. जुलै 2025 मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवून परतावे काढणाऱ्यांवर देशभर कारवाई केली, तेव्हापासून तो दिसलाच नव्हता. वितरकाने चारही उत्तरं लिहिली, दुसरं जरा बारीक अक्षरात. पुण्याच्या बाईंनी लिहिण्याआधी फोनवर उलट प्रश्न विचारले: मुलाला फ्लॅटसाठी काही द्यायचं कबूल केलंय का? वहिनींच्या नावावर काय आहे? घराच्या स्लॅबचं काम कधीचं राहिलंय?

मुलाला 10 लाख द्यायचं गुरुजींनी खरंच कबूल केलं होतं. ते मलाही माहीत नव्हतं, वहिनींनाही नव्हतं.

काय केलं

पॉलिसी आधी. 18 ऑगस्टला, सोमवारी, आम्ही विमा कंपनीच्या शाखेत अर्ज दिला. कारण एका ओळीत: एकरकमी सांगून वार्षिक हप्त्याची पॉलिसी दिली. "प्रतिनिधीशी बोलून घ्या, तो समजावेल" असं दोनदा सांगण्यात आलं. आम्ही तारखेचा शिक्का असलेली पोच मागितली आणि मिळेपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही. तोच अर्ज ईमेलनेही पाठवला. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि त्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता कापून सप्टेंबरच्या मध्यावर 5 लाख 19 हजार परत आले.

या सगळ्यात अवघड काम शाखेतलं नव्हतं. विद्यार्थ्याला फोन करायचा होता आणि गुरुजी दोन दिवस टाळत होते. "त्याला काय वाटेल?" हेच चाललं होतं. शेवटी वहिनींनी फोन लावून त्यांच्या हातात दिला. गुरुजी एवढंच बोलले, "बाळ, तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. माझं वाचायचं राहिलं."

विवरणपत्राची मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढली होती, म्हणून लेखापालाकडे कागद गेले. त्याने आधीच्या दोन वर्षांची विवरणपत्रं उतरवून पाहिली. दोन्हींत राजकीय पक्षाला देणगी दाखवलेली होती, एकदा 60 हजार, एकदा 70 हजार. गुरुजींनी आयुष्यात कुठल्या पक्षाला सव्वा रुपया दिलेला नाही. दरवर्षी येणारा परतावा तो हा. लेखापालाने नोटीस यायची वाट न बघता दोन्ही वर्षांची अद्ययावत विवरणपत्रं भरायला सांगितलं. विभागाने अशी संधी आता 48 महिन्यांपर्यंत दिली आहे, पण जितका उशीर तितका जादा कर: पहिल्या वर्षात 25 टक्के, दुसऱ्या वर्षात 50, पुढे 60 आणि 70. कर, व्याज आणि जादा कर मिळून सुमारे 70 हजार गेले. गुरुजी त्या रात्री जेवले नाहीत. पैशांपेक्षा, आपल्या सहीने खोटं गेलं, हे त्यांना लागलं.

मग त्यांनी 18 हजारांची फी भरली. स्वतःहून, मी पुन्हा काही न बोलता.

आराखडा आला तो मुळात चांगला होता, पण त्यात एक चूक होती आणि ती लेखापालाने पकडली. बाईंनी गुरुजींना करासाठीही ज्येष्ठ नागरिक धरलं होतं: व्याजावर कर कापू नये म्हणून ज्येष्ठांनी द्यायचा 15एच अर्ज आणि तो कर कापण्याची एक लाखाची मर्यादा. पण बचत योजना 58 व्या वर्षी ज्येष्ठ मानते, आयकर कायदा 60 झाल्याशिवाय मानत नाही. त्यामुळे 15एच नाही, साठीच्या आतल्यांचा 15जी. मर्यादा 50 हजारांची. आणि कर निघत असता तर आगाऊ करही भरावा लागला असता, ज्यातून साठीपुढच्या पेन्शनरांना सूट आहे. निघत नव्हता, कारण नव्या कररचनेत त्यांचं उत्पन्न 12 लाखांच्या बरंच खाली होतं. बाईंनी चूक मान्य करून सुधारित प्रत पाठवली. "आईच्या हिशेबाने त्यांचंच बरोबर होतं," गुरुजी म्हणाले.

पंचायत समितीतून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमांचा दाखला आणायला तीन खेपा पडल्या. घटस्थापनेच्या दिवशी, 22 सप्टेंबरला, पोस्टात 14 लाखांचं पहिलं खातं उघडलं. मुदतीला दहा दिवस उरले होते. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे पैसे दसऱ्यानंतर आले, तेव्हा 16 लाखांचं दुसरं.

काय निष्पन्न झालं

30 लाखांवर वर्षाला 2 लाख 46 हजार, म्हणजे दर तिमाहीला 61,500 रुपये व्याज येतं. खर्च पेन्शनमध्ये भागत असल्याने हे पैसे वरचे आहेत. उरलेल्यातून चार लाख राष्ट्रीयीकृत बँकेत दोघांच्या नावे मुदत ठेवीत, एक लाख स्लॅबला, चार लाख वर्षभरात हप्त्याहप्त्याने एका हायब्रिड (शेअर आणि रोखे दोन्हींत पैसे घालणाऱ्या) फंडाच्या डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवाय घ्यायच्या, प्लॅनमध्ये, आणि मुलाला 10 ऐवजी तीन लाख. त्या तीन लाखांवरून घरात दिवाळीत थोडं तापलं. सुनेने बोलणं कमी केलं होतं, संक्रांतीला तिळगूळ घेऊन आली तेव्हा निवळलं.

वहिनींना पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिलं की गुरुजींच्या माघारी त्यांना काय मिळेल: नेहमीच्या दराने शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे 23,640 आणि त्यावर महागाई भत्ता. तो कागद त्यांनी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवला आहे.

सगळं मिळून खर्च: सल्लागाराचे 18 हजार, लेखापालाचे 9 हजार, पॉलिसीत कापले गेलेले साडेतीन हजार आणि जुन्या परताव्यांपायी 70 हजार. यातली सर्वांत मोठी रक्कम, जो फी घेत नव्हता त्याच्यामुळे गेली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा निर्णय कुणाचाही सल्ला न घेता होऊन गेला होता. पेन्शनची कागदपत्रं निवृत्तीच्या कितीतरी महिने आधी जातात आणि त्यातच किती टक्के विकायचे हा रकाना असतो. सगळे 40 भरतात, गुरुजींनीही भरले. 15 लाख 80 हजार घेऊन त्यांनी दरमहा 15,760 रुपये पंधरा वर्षांसाठी सोडले. एकूण 28 लाखांच्या वर. कर्जाच्या भाषेत हे पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास पडतं. मधेच माणूस गेला तर उरलेलं कुणी मागत नाही, ही त्यातली जमेची बाजू, म्हणून सरसकट वाईट म्हणणार नाही. पण ज्याला 44 हजारांतच भागतं आणि हातात पैसा आला की नात्यातली माणसं हात पुढे करतात, त्याने 40 ऐवजी 20 टक्के विकायचा विचार तरी करायला हवा होता. सल्ला लागणार होता तो डिसेंबरात. आम्ही बसलो ऑगस्टमध्ये, जिलेबी खात.

माझंही एक चुकलं. पुण्याच्या बाईंकडे जाण्याआधी लेखापालाकडे जायला हवं होतं. कराचं चित्र स्पष्ट असतं तर वयाची ती चूक आराखड्यात शिरलीच नसती. आणि वितरकाला मी उगाच बाजूला सारलं का, हा प्रश्न अजून आहे. डायरेक्ट प्लॅन स्वस्त खरा, पण बाजार पडेल तेव्हा गुरुजी घाबरून पैसे काढायला निघाले तर त्यांना थांबवायला समोर कुणी नसेल. त्या मुलाने कदाचित थांबवलं असतं.

पतसंस्थेतल्या पाच लाखांपैकी तीन लाखांची मुदत नोव्हेंबरात संपली, ते काढून घेतले. उरलेल्या दोन लाखांची येत्या मार्चमध्ये संपते. काढणार ना, असं मी परवा विचारलं. गुरुजी चपलेचा अंगठा जमिनीवर घासत राहिले. मग म्हणाले, "सचिव रोज सकाळी फिरायला बरोबर असतात हो."